ओझरचं एचटीटी-४०: इंजिन आपलं का नाही?

द्राक्षबाग: आमचा मळा ओझरच्या धावपट्टीपासून जवळच. सुखोईच्या आवाजाला आता आमच्या म्हशीही कान हलवत नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरात इथे एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) एचटीटी-४० या वैमानिक शिकवायच्या ट्रेनर विमानाची उत्पादन लाइन सुरू झाली, भारी वाटलं. मग कळलं, इंजिन अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचं, टीपीई३३१. २०२२ मध्येच ८८ इंजिनांचा करार झालाय. पण एचएएलने स्वतःचं १२०० किलोवॅटचं एचटीएसई-१२०० इंजिन बंगळूरला २०१८ मध्ये चालवून दाखवलंय ना? त्यालाच पुढे पंखा लावला की झालं! बारावीत आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

जुना_फिटर: "पंखा लावला की झालं" वाचून चहा सांडला, बाळा. मी बंगळूरला डॉर्नियर या छोट्या पंख्याच्या विमानाच्या इंजिनांवर हात काळे केलेत. तेही टीपीई३३१ घराण्यातलंच, आम्ही 'गॅरेट' म्हणायचो. आतला शाफ्ट मिनिटाला ४१ हजार ७०० फेरे घेतो आणि पंखा जेमतेम १,५९०. मधली सगळी कसरत गिअरबॉक्सची. त्याचा मॅग्नेटिक प्लग (तेलातला लोखंडाचा चुरा धरणारं चुंबक) काढून पांढऱ्या फडक्यावर पुसायचो. केसाएवढी चकाकी दिसली की साहेबांना हाक.

एचटीएसई हे हेलिकॉप्टरचं इंजिन. तिथे रोटरचा भार हेलिकॉप्टरचा वेगळा गिअरबॉक्स घेतो. टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे विमानाचा पंखा फिरवणाऱ्या इंजिनात, पंखा इंजिनच्याच नाकावर. त्याची ओढ, वळतानाचे हिसके, सगळं इंजिनच्या बेअरिंगांवर. वर पात्यांचा कोन बदलणारा गव्हर्नर. हवेत इंजिन बंद पडलं तर वाऱ्याने फिरणारा पंखाच विमानाला मागे ओढतो, त्याचाही बंदोबस्त हवा.

वाऱ्यावरचा: मग पन्नास वर्षांनी पण हेच सांगणार का काका? आपलं मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडालं, विमान देखणं, इंजिनात दम नाही. तीच रड अजून.

जुना_फिटर: रड खरी आहे, नाकारत नाही. आपलं कावेरी जेट इंजिन आकाशात तपासायला रशियात नेऊन आयएल-७६ या मालवाहू विमानाला टांगावं लागलं, २०१० मध्ये. पण ७० ट्रेनर विमानांसाठी नवं इंजिन होईपर्यंत पोरांना जमिनीवर बसवून ठेवायचं? इथे तयार इंजिन घेतलं ते बरोबरच केलं. एचटीएसईचं टर्बोप्रॉप जरूर करा, पण वेगळं काम म्हणून, गिअरबॉक्सपासून.

द्राक्षबाग: पटलं. एक शंका: फोटोत उभ्या पीसी-७ या ट्रेनर विमानाची पाती कडेवर वळलेली (धार समोर) असतात, डॉर्नियरची सपाट (रुंद बाजू समोर). का?

जुना_फिटर: नजर चांगली आहे! पीसी-७ ला पीटी६ इंजिन. त्यात पंखा वेगळ्या टर्बाइनवर, तेलाचा दाब गेला की पाती कडेवर येतात. गॅरेटला शाफ्ट एकच. स्टार्टरला पंख्यासकट सगळं फिरवायचं, म्हणून बंद करताना पाती सपाट ठेवून कुलपात अडकवतात. एचटीटी-४० चंही तेच. ते उतरल्यावर कुणी पंखा हाताने सावकाश फिरवताना दिसला, तर खेळतोय समजू नकोस. आतला गरम शाफ्ट एका बाजूने थंड होऊन वाकू नये म्हणून करतात ते.