अग्निशमन केंद्रावर व्यायाम टिकवायचा कसा?

केंद्रप्रमुख, परभणी जिल्हा

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा प्रमुख आहे. चालकांसह आम्ही 11 जण आहोत आणि त्यांतील 7 जणांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे. भरतीच्या वेळी धावणे, दोर चढणे, माणूस खांद्यावर घेऊन पळणे हे सगळे पाहिले जाते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणी विचारत नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी पेटल्या. गाठ वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते, म्हणून एकेक गाठ ओढून, फोडून भिजवावी लागते. ते काम पहाटेपर्यंत चालले. आमचे 48 वर्षांचे एक सहकारी पाण्याने भरलेला होज (पाण्याचा जाड पाइप) दोनदा ओढून आले आणि बंबाच्या पायरीवर बसले, तेव्हा त्यांना हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना, इतकी बोटे थरथरत होती. "काही नाही साहेब, दम लागला," एवढेच ते म्हणाले.

केंद्रात व्यायामशाळा नाही आणि त्यासाठी निधीही नाही. सकाळची पीटी मी दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा ती पंधरवड्यात बंद पडली, कारण रात्री आगीची वर्दी आली की सकाळी माणसांना उठवणे माझ्याच जिवावर येते. कमी खर्चात टिकेल असे काही करता येईल का?

निवृत्त लीडिंग फायरमन, लातूर

साहेब, पीटी बंद पडली याचे नवल वाटत नाही. फायरमनला व्यायाम सांगितला की तो सबब शोधतो. तेच काम ड्रिल म्हणून सांगितले की करतो. (मीही त्यातलाच होतो.)

आमच्या केंद्रावर महिन्यातून एकदा बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर हवेचे सिलिंडर आणि तोंडावर मास्क) लावून ठरलेली फेरी असे. गुंडाळलेला होज खांद्यावर घेऊन पाण्याच्या टाकीचा जिना चढायचा, उतरायचा आणि आवाराला दोन चकरा मारायच्या. निघताना आणि परतल्यावर सिलिंडरच्या दाबाचे गेज वाचून दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे. 6 लिटरच्या सिलिंडरमध्ये दाब 10 बारने उतरला म्हणजे 60 लिटर हवा गेली, इतका सोपा हिशोब. 300 बारला त्यात साधारण 1800 लिटर हवा असते आणि मिनिटाला 40 लिटर धरले तर ती 45 मिनिटे पुरते, पण हे झाले कागदावर. धापा टाकणारा माणूस मिनिटाला 80 लिटरही ओढतो, म्हणजे त्याचे सिलिंडर बावीसेक मिनिटांत संपते आणि हवा संपत आल्याची शिट्टी तर त्याआधीच वाजते. आपला दम कमी पडतो म्हणजे धुरात आपल्याला मिनिटे कमी मिळतात, हे फळ्यावरच्या आकड्याने जितके पटले तितके कोणत्याही भाषणाने पटले नाही. तुलना प्रत्येकाची स्वतःच्याच मागच्या महिन्याशी असे. गंमत म्हणजे जिममध्ये दंड कमावलेला आमचा तरुण गडी सगळ्यांत जास्त हवा खात असे आणि पोट सुटलेले एक जुने सहकारी संथ पावलांनी सर्वांत कमी हवेत परत येत.

डॉक्टर, नांदेड

ड्रिल उत्तम आहे. मात्र पंचेचाळिशीपुढच्या माणसांना त्यात उतरवण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा. अमेरिकेतील फायरमनच्या 1994 ते 2004 या काळातील ड्युटीवरच्या मृत्यूंचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे 32 टक्के मृत्यू प्रत्यक्ष आग विझवताना आढळले, जरी त्या कामात वर्षातील केवळ 1 ते 5 टक्के वेळ जातो. झोपेतून घंटेसरशी उठणे, अंगावर जड पोशाख आणि त्यात उष्णता, हे सारे हृदयावर एकदम येते. थरथरणारी बोटे थकव्याचीच असतील, तरीही त्या सहकाऱ्यांची तपासणी आधी करावी.

दुसरा मुद्दा आपल्या उन्हाळ्याचा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि सुट्टीत ती उतरतेही, म्हणून मार्चमध्येच ड्रिलची वेळ थोडी थोडी उन्हाकडे सरकवावी आणि लांब रजेवरून आलेल्या माणसाला पहिले काही दिवस जपावे. मोठ्या आगीवर असे 6 लिटरचे एक सिलिंडर संपले की त्या माणसाला सावलीत बसवून, कोट काढायला लावून, हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत बुडवून किमान 20 मिनिटे विश्रांती द्यावी. बंबावर हजारो लिटर पाणी असते, पण पिण्याचा जार मात्र केंद्रातच राहतो, असे मी एकदा पाहिले आहे.

फायरमनची पत्नी, बीड जिल्हा

डॉक्टरसाहेब, तपासणीबद्दल एक सांगते. माझे पती रक्तदाबाची गोळी दोन वर्षे चुन्याच्या डबीत लपवून नेत होते. कळले तर बंबावरून काढून टेबलावर बसवतील आणि मग कंत्राटातलाच कोणी जागा घेईल, ही भीती होती. साहेबांनी आधी सगळ्यांना एकत्र बसवून, तपासणीमुळे कोणाचीही ड्युटी जाणार नाही, फार तर औषध लागू पडेपर्यंत बंबाच्या पंपावर उभे राहावे लागेल, असा शब्द द्यावा. नाहीतर यंत्रासमोर बसण्याआधी माणसे दोन गोळ्या घेऊन येतील.

केंद्रप्रमुख, परभणी जिल्हा

ताई, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. तपासणीच्या रांगेत पहिला मी बसतो. काका, फेरी आवडली, पण आमच्याकडे कॉम्प्रेसर नाही. सिलिंडर भरायला दुसऱ्या गावी पाठवावे लागतात. ड्रिलसाठी ते रिकामे केले आणि त्याच रात्री वर्दी आली तर काय करायचे?

निवृत्त लीडिंग फायरमन, लातूर

मग सेट पाठीवर घ्यावा, मास्क लावू नये. वजन तेच राहते. मोजायचे कसे, ते डॉक्टरसाहेब सांगतील.

डॉक्टर, नांदेड

नाडीने मोजावे. फेरी संपताच 15 सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणावे आणि एक मिनिटाने पुन्हा तसेच करावे. त्या मिनिटात नाडी 12 ठोक्यांनीही उतरली नाही, तर त्या माणसाची पुढची फेरी थांबवून त्याला माझ्यासारख्या कोणाकडे पाठवावे.