आईचं कॅल्शियम ११.६, दोनदा मुतखडा. कोणाला दाखवावं?

कृष्णाकाठ:
आई ५८ वर्षांची, मिरजेला असते. दोन वर्षांत दोनदा मुतखडा झाला, दुसऱ्या वेळी दुर्बिणीतून काढावा लागला. मांड्या-कंबर ठणकते, पोट साफ होत नाही, बसल्या जागी पेंगते. एका दवाखान्यात "वयाचं आहे" म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या आठ महिने चालू आहेत. आता नव्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम ११.६, फॉस्फरस २.३, पीटीएच १४२ (लॅबची वरची मर्यादा ६५), ड जीवनसत्त्व १४. पॅराथायरॉइडचा संशय आहे म्हणाले. हाडं दुखतात तर कॅल्शियम कमी असायला हवं ना? ते वाढलं कसं? आणि ऑपरेशनशिवाय भागेल का?

चाफेकळी:
अगदी माझ्या सासूबाईंची गोष्ट. आमचीही दोन वर्षं हाडांच्या डॉक्टरांकडे आणि मुतखड्याच्या डॉक्टरांकडे वेगवेगळ्या फेऱ्या मारण्यात गेली. दोन्ही दुखण्यांचं मूळ एक आहे हे कुणी सांगितलंच नाही. थेट एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींचे डॉक्टर गाठा. आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

साधाडॉक्टर:
कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात असतं ते अगदी थोडं, पण स्नायू, नसा आणि हृदय त्याच्यावरच चालतात, म्हणून शरीर ते ८.५ ते १०.५ च्या आसपास धरून ठेवतं. ही राखण थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटु (पॅराथायरॉइड) ग्रंथींकडे असते. कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला ते अडवायला लावतं आणि ड जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यातून जास्त शोषून घेतं. फॉस्फरस मात्र लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून आईंचा कमी दिसतोय. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसायला हव्यात.

आईंचं कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच वाढलेलंच आहे. म्हणजे बहुधा एखादी ग्रंथी ऐकेनाशी झाली आहे. बहुतेकांमध्ये ती एकाच ग्रंथीची साधी गाठ असते, कर्करोग क्वचितच. हाडांतलं कॅल्शियम रक्तात येत राहतं, हाडं पोकळ होतात आणि तेच लघवीतून जाताना खडे होतात.

दोन गोष्टी आवर्जून विचारा. रक्तदाबासाठी थायझाइड किंवा मनाच्या आजारासाठी लिथियम चालू आहे का? दोन्हींनी कॅल्शियम वाढू शकतं. आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजून घ्या. एका आनुवंशिक प्रकारात ते खूप कमी येतं आणि तिथे ऑपरेशनचा उपयोग होत नाही. मानेची सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन ही गाठ शोधायची साधनं आहेत. निदान रक्तावरच होतं, त्यामुळे स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही तरी आजार नाही असं समजू नका.

आईंना मुतखडे आहेत, कॅल्शियमही मर्यादेच्या एक अंकाहून वर आहे. निदान पक्कं झालं तर मी ऑपरेशनच सुचवेन, वर्षाला अशा बऱ्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडून. मुंबईत केईएमला एंडोक्रिनॉलॉजी विभाग आहे. लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये अंतःस्रावी शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे, पण तेवढं लांब जायची गरज पडेलच असं नाही.

रानजाई:
बापरे, माझं पीटीएच ११० आलंय! मलाही गाठ असेल?

साधाडॉक्टर:
कॅल्शियम किती आहे?

रानजाई:
८.९. ड जीवनसत्त्व ८.

साधाडॉक्टर:
मग तुमच्या ग्रंथी बहुधा आपलं काम चोख करताहेत. ड जीवनसत्त्व कमी म्हणून त्या जोर लावताहेत. ते भरून काढून पुन्हा तपासा, आणि क्रिएटिनिनही बघा, कारण मूत्रपिंड कमजोर असलं तरी पीटीएच वाढतं. पीटीएच दोन्हीकडे वाढलेलं, अर्थ मात्र उलटा. म्हणून कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही एकाच वेळी काढलेल्या रक्तातून बघावीत. कृष्णाकाठ, हे वाचून आईंना ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या स्वतःहून देऊ नका. त्यांचंही भरायचंय, पण देखरेखीत.

चाफेकळी:
ऑपरेशननंतरचं सांगते. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या. उपाशी हाडं कॅल्शियम ओढून घेतात, त्यामुळे रक्तातलं घसरतं. गोळ्या देऊन सावरलं. अशा मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, हे आईंना आधीच समजावून ठेवा. दूध-दही-नाचणी मनानं बंद करू नका आणि पाणी भरपूर द्या.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलून गोळ्या थांबवल्या. गुरुवारची वेळ मिळाली आहे. लॅबने लघवीचा कॅन दिलाय. सकाळची पहिली लघवी त्यात धरायची का?

साधाडॉक्टर:
पहिली टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून थांबायचं. एखादी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.