बैठकीचं रेकॉर्डिंग : सी-६० की सी-९०?

खर्जातला_सा : जुना डेक दुरुस्त होऊन आलाय. घरी गाण्याची बैठक आहे, ती कॅसेटवर घ्यायचीय. माझ्या मते सी-९०च, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांची. सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची. बडा ख्याल रंगात येतो न येतो तोच खट्! सी-६०ची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९०ची १२. एवढ्याशा फरकासाठी गाणं तोडायचं?

फेरिक_काका : एवढासा? जाडी एक-तृतीयांशाने घटली की हो! गुंडाळलेल्या टेपमध्ये एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. टेप जितकी पातळ, तितकी ही भुताटकी जास्त. गायकाने तोंड उघडायच्या दीड ते तीन सेकंद आधीच त्याचा सूर बारीक ऐकू येतो. आम्ही सी-६०वालेच.

खर्जातला_सा : काका, बैठकीत शांतता असते कुठे? तानपुरे अखंड चालू. त्यात ते भूत बुडून जातं. नाटकाचं रेकॉर्डिंग असतं तर तुमचं मान्य.

मिंड_आणि_मुरकी : तानपुराच तर चुगली करतो! जुन्या डेकची ओढ कमीजास्त झाली की पातळ टेप लवकर ताणते, अडकते. वेग जरा डळमळला की तबल्यात पत्ता लागत नाही, पण तानपुऱ्याचा षड्ज लगेच हलतो. पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) कडक झाला असेल तर आधी तो बदला, मग जाडीवर भांडा. (सी-१२० कुणी सुचवली नाही, नशीब. ९ मायक्रॉन! ती वापरू नका असं डेकच्या माहितीपत्रकांतच छापलेलं असायचं.)

स्पूलवाला : स्पूलवरही (उघड्या रिळांच्या टेपवर) हीच रड. ७ इंची रिळावर दीड मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टेप १२०० फूट मावते, १ मिलची १८००. सेकंदाला साडेसात इंच वेगाने ३२ मिनिटं किंवा ४८. आम्ही वाजवून झालं की रीळ उलटं न गुंडाळता तसंच ठेवतो. मग काकांच्या त्या भुताचा पडसाद मुख्यतः सुराच्या नंतर येतो आणि त्याच्याखाली झाकला जातो.

फेरिक_काका : दुसरा डेक मागून आणा. पहिल्याची बाजू संपायच्या दोन मिनिटं आधी तो सुरू करा.

खर्जातला_सा : दोन डेकचे वेग तंतोतंत जुळतात कधी? सांध्यावर सा बदलेल! मी पिंच रोलर बदलतो, पण कॅसेट सी-९०च.

फेरिक_काका : बदला. मग पहिल्या आलापाच्या आधीचा नुसता तानपुरा हेडफोनवर ऐका आणि इथे कळवा.