‘मिस’ला मराठीत काय काय म्हणाल?

एका ॲपचं मराठी करायचं काम हातात आहे. ३५० च्या आसपास संदेश आहेत आणि घोडं अडलंय ते तीनच ठिकाणी. तिन्हीकडे इंग्रजी क्रियापद एकच, ‘मिस’. पहिला संदेश फोन उचलला नाही त्याचा, दुसरा कर्जाचा हप्ता भरला नाही त्याचा, आणि तिसरा महिनाभर ॲप उघडलं नाही की जाणारा, ‘वी मिस यू’.

पहिल्याची चिंता नाही, मिस्ड कॉल आता मराठीच आहे. दुसरा मी झोकात लिहिला, ‘आपण या महिन्याचा हप्ता चुकवला आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी तो लाल करून शेजारी लिहिलं, ‘ग्राहकाला चोर म्हणताय का?’ तिसऱ्याला ‘आम्हाला तुमची आठवण येते’ लिहिलं आणि मलाच हसू फुटलं. कर्ज देणाऱ्याला आपली आठवण यायला लागली की काय होतं, ते सांगायला नको. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १

बाईंनी बरोबर पकडलं. चुकणं आपसूक होतं, चुकवणं मुद्दाम. गाडी चुकते, पण नजर चुकवतात, काम चुकवतात, कर चुकवतात. त्यातून हिंदीत ‘कर चुकाना’ म्हणजे कर भरणं! हिंदी वळणाच्या वाचकाला तुमचा संदेश गेला, तर हप्ता पोचला म्हणून तो निवांत झोपेल. आणि आपल्याकडेही ‘चुकता करणे’ म्हणजे पै न् पै देऊन मोकळं होणं आहेच. कर चुकवला तर नोटीस, चुकता केला तर पावती. (बातम्यांत हल्ली ‘किंमत चुकवावी लागेल’ ऐकू येतं, तेही हिंदीतून आलेलं. मराठीत किंमत मोजतात. पण हे माझं जुनं दुखणं आहे, इथे नको.)

मला वाटतं खरी अडचण शब्दाची नाहीच. इंग्रजीत मिस करणारा माणूस असतो, ‘आय मिस्ड द ट्रेन’. मराठीत चुकते ती गाडी. ‘माझी गाडी चुकली’ या वाक्यात मी कुठे आहे? षष्ठीत, कडेला, बॅग घेऊन उभा. झेल सुटतो, नेम हुकतो, आठवण येते, करमत नाही. सगळीकडे माणूस बाजूला आणि जे घडलं ते मध्यभागी. म्हणून ‘मी तुला मिस करतो’ कानाला खटकतं. इंग्रजी शब्द आला म्हणून नाही. जी गोष्ट आपल्यावर येते ती आपण ‘करतोय’ असं म्हटलं, म्हणून.

प्रतिसाद २

आमच्या नागपूरकडे करमत नाही असं कमीच म्हणतात. ‘तुझ्याबिना गमत नाही.’ गावी आजी म्हणते, ‘मले गमत नाही बापा.’ एवढंच.

प्रतिसाद ३

प्रतिसाद १ शी अर्धी सहमत. ‘मी वाट चुकलो’ यात तर मीच कर्ता आहे की. ‘खेळाडू दुखापतीमुळे मालिकेला मुकणार’ यातही माणूसच मुकतो. आणि आठवण फक्त येत नाही, ती काढतातही! ‘परवाच तुझी आठवण काढली होती, उचकी लागली का?’ माझ्या मते आठवण येते ती एकट्याला, काढतात ती चारचौघांत. इंग्रजी मिसमध्ये हा फरक कुठे दाखवणार?

आणि हुकणं न् चुकणं एकाच मापाने मोजू नका. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. ‘चुकलं’ म्हटलं तर अर्थ पार बिघडतो. हुकायला नेम धरलेला लागतो, आणि हात जवळजवळ पोचलेला. ९८ वर बाद झाला तर शतक हुकलं. शून्यावर बाद झालेल्याचं शतक कुणी हुकलं म्हणत नाही.

घरात तर मिस शब्दाची गरजच पडत नाही. शाळा बुडते, मजुरी बुडते, सिनेमा बघायचा राहून जातो, कागद गहाळ होतो. दूध आलं नाही तर खाडा. आमच्या आईच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याला फुली, कामवाल्या मावशींच्या खाड्याला गोल, आणि गुडघ्याची गोळी राहिली त्या तारखेला एक बारीक रेघ, डॉक्टरांना दाखवायची नाही म्हणून पेन्सिलीने.

प्रतिसाद ४

‘चुकामूक’ राहिला! दोघंही आले, दोघंही थांबले, आणि भेट नाही. यात चूक कुणाचीच नाही आणि दोघं एकमेकांवर चिडलेले. दादरला हे हमखास व्हायचं. पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा, मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा. ‘एक नंबरवर उभा आहे’ म्हणून दोघंही फोनवर शपथेवर सांगायचे आणि दोघांचंही खरं असायचं. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे फलाट आठपासून मोजायला लागले, तेव्हा कुठे तो घोळ मिटला.

प्रतिसाद ५

जर्मनीत राहते म्हणून भर घालते. इथे गाडी चुकली तर ‘फेरपासेन’, नेम चुकला तर ‘फेरफेलेन’, माणसाची उणीव भासली तर ‘फेरमिसेन’. म्हणजे इंग्रजीच्या सख्ख्या नात्यातल्या भाषेलाही एका शब्दात भागवता आलेलं नाही. फ्रेंचमध्ये तर ‘तू मला उणा आहेस’ अशी रचना आहे, माणूस चतुर्थीत. आमच्या गोव्याच्या शेजारीणबाई कोकणीत म्हणतात, ‘तुजो उगडास येता’. तिथेही येतोच.

शाळेतल्या ‘मिस’चा याच्याशी संबंध नाही हो, ती ‘मिस्ट्रेस’ची आखूड झालेली. मुलाने विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

प्रतिसाद ६

चुकणं म्हणजे नुसती गाडी नाही. चुकला फकीर मशिदीत, या म्हणीत चुकला म्हणजे दिसेनासा झाला. आणि तुकोबा, ‘चुकलिया माये । बाळ हुरुहुरु पाहे’. जत्रेत आई दिसेनाशी झाली की पोर आधी रडत नाही, ते नुसतं इकडेतिकडे बघत राहतं. हरवणं आणि जीव कासावीस होणं, दोन्ही एका ओळीत आलंय. मिसचे दोन्ही अर्थ यात बसतात, साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी. अर्थात हे ॲपमध्ये घालू नका.

धागाकर्ता

घालत नाही! सगळ्यांचे आभार. हप्त्यासाठी ‘थकला’ लिहून पाहिलं, पण थकायला दोनचार महिने जावे लागतात; एकाच महिन्यावर तो शब्द फार जड होतो. शेवटी ‘या महिन्याचा हप्ता भरायचा राहिला आहे’ असं केलं. कुणी राहू दिला, का राहू दिला, प्रश्नच नाही.

‘वी मिस यू’ला मात्र इथला कुठलाच शब्द चालेना. काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे काडेपेटी घ्यायला गेलो. महिनाभर मी मॉलमधून सामान आणतोय हे त्याला ठाऊक आहे. मान वर न करता म्हणाला, ‘काय साहेब, बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीत!’ घरी येऊन तेच टाकलं. बाईंनी दोन्ही संदेश पास केलेत. आता ‘फिरकला नाहीत’ की ‘फिरकलाच नाहीत’ यावर आमचं चालू आहे. त्या ‘च’ने ग्राहक दुखावेल असं त्यांचं म्हणणं आहे.