किनाऱ्यावर जाखडी गीताचे चित्रीकरण: ओठ आणि गाणे जुळत नाहीत, मार्गदर्शन हवे

कातळवाट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही रत्नागिरीत शिकणारे सहा विद्यार्थी अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून सव्वाचार मिनिटांच्या एका जाखडी (कोकणातील गोलात नाचत गाण्याचा लोकप्रकार) गीताचा व्हिडिओ करत आहोत. गीत आमच्या एका मित्राच्या गावातील शाहिरांनी रचलेले आहे आणि मृदंग, झांज व कोरस यांसह त्याचे ध्वनिमुद्रण दिवाळीच्या सुट्टीतच पूर्ण झाले आहे. आठ मुलांचा गोलातील नाच भाट्याच्या किनाऱ्यावर, मागे समुद्र आणि मावळता सूर्य ठेवून चित्रित करायचा, असे आम्ही ठरवले होते.

माघ वद्य नवमीला दुपारी चार वाजता आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. कॅमेऱ्याशेजारी स्पीकर ठेवून गाणे लावले आणि नाचणाऱ्यांना सुमारे 40 मीटर अंतरावर उभे केले. घरी येऊन पाहिले तेव्हा जवळच्या दृश्यांत ओठ जुळत होते, पण लांबच्या प्रत्येक दृश्यात ते गाण्याच्या किंचित मागे पडत होते. दुसरा कॅमेरा म्हणून वापरलेल्या मोबाइलचे चित्रण सुरुवातीला जुळते आणि शेवटापर्यंत हळूहळू सरकत जाते. त्यातच साडेपाचनंतर पाणी इतके वर आले की मुलांना सुरूच्या झाडांलगतच्या कोरड्या वाळूत नाचावे लागले. तेथे पाय रुतत असल्यामुळे चाल मंदावली, आणि उरलेल्या चित्रणात सर्वांचे चेहरे काळे आले. आमच्याकडे चित्रीकरणाचे आता दोनच दिवस शिल्लक आहेत. पुढची दोन दृश्ये उक्षीजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि गावखडीच्या किनाऱ्यावर रात्री, मशालींच्या उजेडात घेण्याचा विचार आहे. आमचे नेमके काय चुकले आणि पुढील नियोजन कसे करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मृदंगवेडा (उत्तर)

आपण अंतराचा आकडा दिला, त्यामुळे कारण लगेच कळले. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने जातो, म्हणजे 40 मीटर अंतर कापायला त्याला जवळपास 0.12 सेकंद लागतात. सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रण केले असेल, तर हा उशीर तीन चौकटींचा होतो. आपल्या कॅमेऱ्याने शेजारच्या स्पीकरचे गाणे वेळेवर टिपले, गायकाने मात्र तेच गाणे तीन चौकटी उशिरा ऐकले आणि त्यावर ओठ हलवले. जवळच्या दृश्यांत हे अंतर नव्हते, म्हणून तेथे दोष दिसला नाही. जे चित्रण हाती आहे ते टाकून देऊ नका. लांबच्या दृश्यांचे चित्र संकलनात तीन चौकटी अलीकडे सरकवून पाहा, बरेचसे वाचेल.

पुढच्या वेळी स्पीकर गायकाच्या पायाशी, चौकटीच्या जेमतेम बाहेर ठेवा. तसे केल्यावर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये गाणे उशिरा पोहोचेल, म्हणून लांबची दृश्ये कॅमेऱ्यात नोंदलेल्या आवाजावरून जुळवू नयेत. गाण्याच्या आधी चार मात्रांची टिकटिक जोडा आणि चौथ्या मात्रेवर स्पीकरजवळ उभ्या असलेल्या कोणीतरी हात उंच करून टाळी वाजवावी. हात एकत्र येतात ती चौकट आणि मूळ मुद्रणातील चौथी मात्रा एकावर एक ठेवली की काम झाले. दोन स्पीकर वापरणार असाल तर ते ब्लूटूथने जोडू नका, कारण प्रत्येकाचा आवाज वेगळ्या उशिराने येतो आणि गोलाच्या दोन बाजूंना दोन वेगळे ताल ऐकू येतात. साधी वायर पुरते.

मोबाइलचे चित्रण सरकते, कारण बहुतेक मोबाइल चौकटींचा वेग प्रकाशानुसार कमीजास्त करत राहतात. हा वेग कायम ठेवणारे ॲप वापरा, किंवा संकलनाआधी ते चित्रण स्थिर 25 चौकटींमध्ये रूपांतरित करून घ्या.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गायकाला नुसते ओठ हलवू देऊ नका, त्याने स्पीकरबरोबर खऱ्या आवाजात, पूर्ण जोर लावून गावे. जाखडीचा गाणारा गळ्याच्या शिरा ताणून गातो आणि ते सोंग आणून दाखवता येत नाही. संथ गतीचे दृश्य हवे असेल तर सेकंदाला 50 चौकटी घ्याव्यात आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, म्हणजे अर्ध्या गतीला ओठ बरोबर जुळतात. मात्र हे गणासारख्या (सुरुवातीच्या गणेशस्तवनासारख्या) संथ भागातच शक्य आहे, कारण पुढे लय चढल्यावर दुप्पट वेगात शब्द उच्चारणे कोणालाही जमणार नाही.

खाडीकाठ (उत्तर)

आमच्या घरात तीन पिढ्या होडीवर गेल्या, म्हणून पाण्याविषयी लिहितो. आपण नवमीला गेलात, हीच मुख्य चूक झाली. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. नवमीचे पावणेसात आले, आणि नेमकी तीच सूर्यास्ताची वेळ! दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आठवडाभराने सगळे चित्र उलटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, आणि नुकतीच उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू लांबवर पसरते. नाचणाऱ्यांना हवी ती जमीन हीच. तिच्यावर पाय रुतत नाहीत, टाच आपटता येते आणि पाण्याच्या पातळ थरात नाचणाऱ्यांचे प्रतिबिंबही पडते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक जरूर पाहावे.

फाल्गुनी पौर्णिमा यासाठी सुचवणार नाही, कारण शिमग्यात आपली मुले पालखी सोडून येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीयेला जा. त्या दिवशी भरती दीडच्या सुमारास येईल, सकाळी सात-सव्वासातला ओहोटी असेल आणि सायंकाळी पाचपासून सूर्यास्तापर्यंत पाणी उतरतच राहील.

चेहरे काळे येण्याचे कारणही दिशेतच आहे. आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर समुद्र मागे घेतला की सूर्य नाचणाऱ्यांच्या पाठीशी येतो. चेहऱ्यांची दृश्ये सकाळी साडेसात ते साडेनऊमध्ये घ्यावीत, तेव्हा ऊन जमिनीकडून, कॅमेऱ्याच्या पाठीमागून येते. सायंकाळी फक्त गोलाची काळी आकृती घ्या, ती तेव्हाच शोभते. सकाळी मतलई वारा मंद असतो, दुपारी खारा वारा जोर धरतो, आणि गाणे ऐकू येण्याच्या दृष्टीनेही सकाळच बरी. उधाणाच्या दिवशी पाण्याला ओढ जास्त असते, तेव्हा नाचाच्या नादात कोणी गुडघ्यापलीकडे जाऊ नये आणि एकाने काम सोडून केवळ पाण्याकडे लक्ष ठेवावे. घरी आल्यावर कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने स्क्रू धरतात.

सडा_आणि_सावली (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. दोन ठिकाणांबद्दल मात्र कळकळीची विनंती करतो.

गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि मार्च-एप्रिल हा पिल्ले समुद्राकडे जाण्याचा काळ आहे. पिल्ले पाण्यावरच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, त्यामुळे मशाल किंवा दिवा दिसला की ती उलट दिशेला भरकटतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार हा पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. मशालींचे दृश्य शाहिरांच्या गावातील एखाद्या अंगणात किंवा देवळासमोर, गावकऱ्यांना विचारून घ्यावे. जाखडी मुळात अंगणातच नाचली जाते, त्यामुळे दृश्य तेथे अधिक खरे दिसेल.

उक्षीला कातळशिल्प, म्हणजे सड्याच्या दगडात कोरलेले प्राचीन चित्र आहे. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. जांभा दगड झिजतो, म्हणून चित्राच्या रेषांवर नाच तर नकोच, तिवईसुद्धा टेकवू नये. सडा विस्तीर्ण आहे, तेव्हा शिल्पापासून दूरची मोकळी जागा निवडा. किनाऱ्यासाठी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांना महाविद्यालयाच्या पत्रासह आधी लेखी कळवावे. ड्रोन वापरणार असाल तर 2021 चे ड्रोन नियम वाचा आणि डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशा पाहा, कारण रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या वापरात आहे.

शाहिरांची लेखी संमती घेतली आहे का? कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे गीताच्या शब्दांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. वर्गात दाखवणे वेगळे आणि यूट्यूबवर टाकणे वेगळे. त्यांचे नाव अखेरीस बारीक अक्षरांत न देता गाण्याच्या सुरुवातीलाच, गणासोबत द्यावे, असे मला मनापासून वाटते.

कातळवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लांबची दृश्ये तीन चौकटींनी सरकवून पाहिली आणि सातपैकी पाच दृश्ये तंतोतंत जुळली. चैत्र द्वितीयेची सकाळ आणि सायंकाळ भाट्याला, दुसरा दिवस सड्यासाठी आणि त्याच रात्री मशालींचे दृश्य मित्राच्या गावातील देवळासमोर, असे आता ठरले आहे. गावखडी रद्द केले. संमतीपत्र घेऊन आम्ही रविवारी शाहिरांकडे जात आहोत. एकच शंका उरली आहे: मशालींच्या उजेडात देवळाचे एलईडी दिवे चालू ठेवले तर चित्रात पट्टे येतील का?

मृदंगवेडा

आपल्याकडे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे, म्हणून शटर 1/50 सेकंदावर स्थिर ठेवा, बहुतेक दिव्यांखाली पट्टे येणार नाहीत. तरी काही स्वस्त एलईडी त्यातही लुकलुकतात. आदल्या संध्याकाळी देवळात जाऊन मिनिटभर चित्रण करून पाहा आणि जो दिवा लुकलुकेल तो पुजाऱ्यांना विचारून तेवढ्यापुरता बंद करा.