रात्रीच्या दिव्यांसमोर माणसांचे फोटो: लेन्स घेऊ की लाइट?

रातराणी
मंडळी, सल्ला हवाय. मावसबहिणीला रात्रीचे फोटो हवेत, मागे शहराचे दिवे आणि "ते गोल गोल येतात ना, तसलेच". माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवला की चेहरा पांढराफटक आणि मागे मिट्ट काळोख. फ्लॅश बंद केला की दिवे झकास, पण बहीण कुठे आहे ते शोधावं लागतं. सध्या एकच वस्तू घेता येईल. ५० एमएम एफ/१.८ घेऊ की एखादा एलईडी लाइट?

जुना_शटर
डोळे झाकून ५० एमएम.

लांबचा दिवा धूसर होऊन चेहऱ्याशेजारी केवढा दिसणार, हे ठरतं लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर. फोकल लेंग्थला (लेन्सवरचा एमएमचा आकडा, ५०, ५५ वगैरे) एफच्या आकड्याने भागा, झाला व्यास. तुमच्या लेन्सवर ५५ ला एफ/५.६ म्हणजे जेमतेम १० मिमी, शर्टाच्या बटणाएवढा ठिपका. ५० ला एफ/१.८ म्हणजे २८ मिमी. ८५ एफ/१.८ असेल तर ४७. आणि १८ ला एफ/३.५ वर फक्त ५ मिमी, म्हणून तिकडे एफचा आकडा लहान दिसला तरी भुलू नका. (हा हिशोब दिवे खूप लांब असतील तरच. भिंतीवरच्या माळेला चिकटून उभं केलंत तर कुठलीही लेन्स काही करू शकत नाही.)

शिवाय ५.६ वरून १.८ वर आलात की सुमारे दहापट उजेड आत येतो. जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ६४० मध्ये भागतं.

एक मात्र सांभाळा. दीड मीटरवरून एफ/१.८ ला फोकसची खोली सहा-सात सेंटीमीटर. फोकसचा एकच बिंदू (सिंगल पॉइंट) ठेवा, जवळच्या डोळ्यावर. अंधारात फोकस चाचपडत राहिला तर कुणालातरी चेहऱ्यावर टॉर्च मारायला सांगा, फोकस लॉक झाला की बंद.

कंदील
शटरदादांचं गणित बरोबर, पण दिवे गोल झाले तरी चेहऱ्यावर उजेड कुठून येणार? रस्त्याचा दिवा डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. अशा चेहऱ्यामागे कितीही सुंदर बोके (तेच धूसर गोल) असला तरी फोटो फुकट. आधी चेहऱ्याचा उजेड शोधा, मग त्या जागेवरून मागे काय दिसतंय ते बघा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

सगळ्यात सोपा आणि फुकटचा उजेड म्हणजे दुकानाचं शोकेस. मोठं असतं, चेहऱ्याच्या उंचीवर असतं, सावल्या मऊ पडतात. बहिणीला काचेकडे तिरकं तोंड करून उभं करा आणि तुम्ही अशा कोनात जा की तिच्यामागे रस्ता लांबवर पसरलेला दिसेल.

आणि फ्लॅशला शिव्या देऊ नका, ऑटो मोडला द्या. तो शटर १/६० सेकंदाच्या आसपास नेऊन ठेवतो, मग मागचे दिवे नोंदवायला वेळच मिळत नाही. मॅन्युअलवर या. फ्लॅश बंद ठेवून आयएसओ ८००, शटर १/३० वगैरे लावून नुसते दिवे मनासारखे करून घ्या. मग फ्लॅश उघडा आणि त्याचं कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सेटिंग) उणे एक-दीडवर न्या. दिवे शटरने, चेहरा फ्लॅशने. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेलचा (रंगीत पारदर्शक फिल्मचा) तुकडा लावला की चेहऱ्याचा रंग मागच्या पिवळ्या दिव्यांशी जुळतो.

खिशातला_कॅमेरा
मी फोनवाला. वरचं गणित फोनला लावून पाहिलं: मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ ६-७ मिमी, म्हणजे एफ/१.८ ला छिद्र ४ मिमीसुद्धा नाही. म्हणूनच पोर्ट्रेट मोड धूसरपणा हिशोबाने रंगवतो आणि मोकळ्या केसांपाशी त्याची गडबड होते. नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकत्र करतो, तेव्हा माणसाला कठड्याला टेकून उभं करा. नुसतं "हलू नकोस" म्हटलं की हमखास हलतात.

रातराणी
सगळ्यांचे आभार! आज शोकेससमोर किट लेन्स (तीच १८-५५) ५५ ला लावूनच काढले, डोळे पहिल्यांदा नीट दिसले. पण काही फोटोंत आडवे काळपट पट्टे आलेत. सेन्सर गेला का?

जुना_शटर
सेन्सरला काही झालेलं नाही. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल, ते बंद करा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक पट्टे जातील. जाहिरातींचे एलईडी फलक वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, तिथे शटर आणखी कमी करून बघा.

रातराणी
गेले पट्टे! ५० एमएम घेतेय, जेलचा तुकडाही. शेवटचं: एका गल्लीत तिची लाल ओढणी मातकट आलीय, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल साधायची सेटिंग) कसाही फिरवला तरी लाल होत नाही.

कंदील
जुने सोडियमचे पिवळे दिवे असणार तिथे. त्यांच्या उजेडात जवळजवळ पिवळाच रंग असतो. लाल मुळात आलाच नाही तर कॅमेरा दाखवणार कुठून? तेवढे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, नाहीतर ओढणीवर फ्लॅश पडू द्या. त्या वेळी मात्र जेल काढून ठेवा.