पुराच्या बादल्या

वर एकांनी विचारलंय की अमेरिकेतली मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ) चर्चं पूरग्रस्तांना वस्तू पाठवतात, त्या खरंच कामी येतात का. येतात, कारण यादी ठरलेली असते.

मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या जवळच्या अशा चर्चमध्ये दोनदा पूरग्रस्तांसाठी बादल्यांत सामान भरायला गेले आहे. १९४० साली सुरू झालेली ‘अम्कॉर’ (युनायटेड मेथडिस्ट कमिटी ऑन रिलीफ) ही मेथडिस्टांची मदतसंस्था, यादी तिचीच. झाकणाची ५ गॅलनची (साधारण १९ लिटरची) बादली, तिच्यात ब्रश, स्पंज, हातमोजे, मास्क, कचऱ्याच्या पिशव्या, कपडे वाळत घालायची दोरी नि चिमटेसुद्धा! पाणी ओसरल्यावर आधी गाळच उपसावा लागतो, हे जाणून केलेली यादी आहे ही. साबणाची बाटली जरा चुकीची बसली की झाकण लागत नाही. माझ्या शेजारच्या आजी प्रत्येक बादली हलवून बघायच्या, आत खडखडलं की पुन्हा भरायला लावायच्या.

मनाने काही जास्तीचं घालू नका, ते काढून टाकावं लागतं. आणि अम्कॉरची प्रशिक्षित मदतपथकंसुद्धा तिथल्या लोकांचं बोलावणं आल्याशिवाय निघत नाहीत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.